दुरुस्ती करून घ्यावी

विसरवाडीच्या चौफुलीवर मुजफ्फरचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. दुरुस्ती कमी, उचापती जास्त. एकदा शेजारच्या दगाच्या चहाच्या टपरीवर त्यानं खडूनं 'येथे म्हशी धुऊन मिळतील' असं लिहिलं, आणि एक गडी खरंच म्हैस घेऊन उभा राहिला.

खापर गावाहून एक जुना रेडिओ दुरुस्तीला आला. खोकं उघडलं तर आत पिवळे पडलेले पेपर कोंबलेले. पेपराचं नाव फाटलेलं, साल उंदरांनी खाल्लेलं. चाळता चाळता मुजफ्फर एका चौकटीवर जाम खूश झाला. वर ठळक शब्द होता, 'दुरुस्ती'. तेव्हा पेपरात काही चुकीचं छापलं गेलं, की पुढच्या अंकात असं यायचं: 'अमुकऐवजी तमुक असे वाचावे. वाचकांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.'

"देख दगा, मन्ही फुकटनी जाहिरात! बापजाद्यासना टाईमले छापी ठेयेल शे!"

"तू सुधारेल मिक्सर परत बिघडस, हाई बी छापेल शे का तठे?"

त्याचा वचपा म्हणून मुजफ्फरनं एक तुकडा कापला आणि टपरीच्या पत्र्यावर चिकटवला: 'साखर' ऐवजी 'मीठ' असे वाचावे. मग शाळेतून पोरींना आणायला गेला. स्कूटरवर धाकटी लायबा मधे, अब्बाचा शर्ट मुठीत धरून. मोठी अतिका मागे. रोज तेच भांडण. "पुढे सरक." "जागा नहीं है!"

दुसऱ्या दिवशी चहाचा पहिला घोट त्यानं रस्त्यावर थुंकला.

"दगा, मीठ टाकं का रे?"

"मंग? चहामा काय टाकतंस?"

बाकावर दोन ड्रायव्हर निवांत चहा पीत होते. दगानं डाव उलटवला म्हणून मुजफ्फर मांडीवर थाप मारून हसला. संध्याकाळपर्यंत तोच चहा त्याला बरा लागायला लागला. चहा खारटच तर असतो.

मग एका दुपारी त्याला दगाच्या मिठाच्या डब्यावर मुंग्यांची रांग दिसली.

"मिठले मुंग्या?"

"त्या बी येड्या व्हई गयात," दगा म्हणाला.

मुजफ्फर हसला नाही. त्यानं पत्र्यावरचा कागद पुन्हा वाचला. साखर. हो, साखरच टाकायचा दगा. त्यानं कागद नखांनी खरवडून काढला आणि घोट घेतला. खारटच.

बाकीचे पेपर त्यानं रद्दी म्हणून घरी टाकले होते. तो तसाच घरी गेला.

"पुराने कागज?" त्याची बायको शकीला म्हणाली. "मांडणीपे बिछा दिए. क्यूं जी, क्या हुआ?"

तो एकेक डबा उचलायला लागला. तुरीच्या डाळीच्या डब्याखाली तो ठळक शब्द होता. डोळे मिटायला हवे होते. पण स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरचा रोजचा शब्द, नजर खाली घसरलीच.

'मागील अंकी "दोन मुली" असे छापले गेले. "एक मुलगी" असे वाचावे. वाचकांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.'

त्यानं कागद टराटरा फाडला आणि स्कूटरला किक मारली.

अतिका, लायबा. अतिका, लायबा. तो मोठ्यानं घोकत होता. चौफुलीवर सुरतेकडचा ट्रक आडवा झालेला. त्यानं हॉर्न दाबून धरला. अतिका, लायबा. अतिका, ला...

जिभेवर होतं. छोटंसं नाव होतं.

ट्रक सरकला.

मुजफ्फरनं हॉर्न सोडला. मागचे लोक शिव्या देत होते. एवढी घाई कसली होती? शाळा तर आत्ता सुटेल.

फाटकाशी अतिका उभी होती. दप्तर सावरत ती मागे बसली, पार कडेला, स्टेपनीला पाठ टेकवून.

"पुढे सरक बेटा. पडशील."

"जागा नहीं है, अब्बा."

त्यानं मागे वळून बघितलं. दोघांच्या मधे गादी हातभर रिकामी होती. अतिकाही तिकडेच बघत होती.