आधी ‘खाली?’ विचारायचं

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली.

मी फिजिक्स शिकले आहे. पुरावा दाखवल्याशिवाय ही देवालाही आत घेणार नाही, असं घरचे माझ्याबद्दल म्हणतात. तरी लिहिते आहे, कारण यातली एक गोष्ट माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आणि एक. ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची भर दुपार होती, लख्ख ऊन. उजेडात काही होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर नक्की वाचावी.

आत्याचं गॅरेज म्हणजे वर्कशॉपच्या रांगेतली अगदी टोकाची शेड. वर पत्रा, खाली तेलाने काळी पडलेली फरशी, भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेले पाने. आत्या आणि आतोबा, दोघंही मेकॅनिक. अवघड बोल्ट असला की आतोबा पाइप लावून फिरवायचे आणि आत्या पलीकडून नट धरायची. "धर," ते म्हणायचे. "धरलाय, तू फिरव," ती म्हणायची. त्यांच्या संसारात याहून जास्त बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

त्या शेडमध्ये एक नियम होता.

जॅक सोडण्याआधी मोठ्याने विचारायचं, "खाली?"

म्हणजे, गाडीखाली कोणी आहे का? आतून "खाली" असं उत्तर आलं, तर जॅकला हात लावायचा नाही. उत्तर आलं नाही, तर वाकून बघायचं आणि मगच सोडायचा.

आतोबांची स्वतःची एक लाल गाडी होती. जुनीच, पण स्प्रिंगा बदलून त्यांनी ती इतकी खाली बसवली होती की रस्त्यावरचा खडासुद्धा तिला ओळखायचा. आत्या विचारायची, "ही गाडी आहे की पायपुसणं?" ते म्हणायचे, "वाघ दबा धरून बसला की असाच दिसतो."

त्या वाघानेच घात केला.

पुढच्या डाव्या चाकाचा आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारा दांडा, धरून ठेवणारा बोल्ट गंजून बसला होता. ओढून ओढून त्याचं डोकं गोल झालं होतं, पाना लावला की घसरायचा. गाडी जॅकवर, आतोबा गाडीखाली. एका बोल्टसाठी कशाला आधाराचे लोखंडी स्टँड लावायचे, म्हणून लावले नव्हते. आत्या नवा बोल्ट आणायला गेली होती.

शेजारच्या शेडमध्ये गाड्या रंगवणारा पेंटर नवीनच आला होता. तो जॅक मागायला आला. टायरच्या ढिगाआड आतोबांचे पाय त्याला दिसले नाहीत. जॅक कोणाला हवा आहे की मोकळा, हिंदीतल्यासारखा ‘खाली’ आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याने दारातूनच विचारलं, "खाली?"

आतून उत्तर आलं, "खाली."

पेंटरने जॅक सोडला.

साधी गाडी असती तर माणूस अंग चोरून वाचला असता. त्या गाडीखाली वीतभरही जागा उरत नव्हती.

पेंटरची चूक होती असं आत्या कधीच म्हणाली नाही. शब्दच दुतोंडी निघाला, एवढंच म्हणाली. तेराव्या दिवसाचीही वाट न पाहता तिने शेड उघडली. लाल गाडी मात्र कोपऱ्यात तशीच राहिली. चाक वाकडं, बोल्ट अर्धवट अडकलेला, पोट फरशीला टेकलेलं.

आणि शेडमध्ये तो शब्द कोणी उच्चारायचा नाही असं ठरलं.

पण जिभेला हाड नसतं.

एकदा शेडमधल्या वेल्डरने हातातलं सामान ठेवायला सहज विचारलं, ते बाकडं खाली आहे का...

"खाली."

दमलेला आवाज. जमिनीलगत. लाल गाडीच्या दिशेने.

वेल्डरला वाटलं कोणी चेष्टा करतंय. हसत हसत त्याने वळून पाहिलं. शेडमध्ये दुसरं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याची पाठ दुखायला लागली. ती अजून दुखतेच आहे.

मग एक गिऱ्हाईक. शेडमध्ये उभं राहून फोनवर घरी विचारत होतं, पाण्याची टाकी खाली झाली का...

उत्तर आलं.

फोनमधून नाही.

दुसऱ्या कानात.

बातमीला पाय फुटले. कामगार एकेक करून गळाले. गिऱ्हाईकं रस्त्यापलीकडूनच गाडी वळवू लागली. कोणी म्हणे, बाईंनी आता शेड विकावी. शेड गेली असती तर आत्याकडे तिचं म्हणावं असं काहीच उरलं नसतं. दुसरं काही तिला येतही नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

शेवटी पेंटर आला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच त्या दारात उभा राहिला होता. आत पाऊल टाकलं नाही त्याने.

"वहिनी, मी क्रेन सांगतो," तो म्हणाला. "गाडी भंगारात जाऊ द्या. गाडी गेली की सगळं जाईल."

"क्रेन गाडी उचलेल," आत्या म्हणाली. "जो तिच्या पोटाखाली आहे त्याला कोण उचलणार?"

पेंटर जायला वळला.

"आणि ऐक. गाडी इथून जाईल ती स्वतःच्या चाकांवर जाईल. माझ्या शेडमध्ये फुकट कोणी राहत नाही. भूत असेल तर त्यानेही कामाला लागावं."

तो रविवार उजाडला. आत्या एकटीच शेडमध्ये आली. शटर अर्धं उघडं ठेवलं. उन्हाने पत्रा तडतडत होता.

गाडीखाली जॅकचं तोंडही शिरत नव्हतं. तिने लाकडी ठोकळ्यावर पहार टेकवली, सगळं वजन टाकून गाडीची कड उचलली आणि पायाने चाकाखाली फळी सरकवली. एकदा, दोनदा, पुन्हा. मग जॅक शिरला. गाडी वर गेली. या वेळी तिने स्टँड लावले, वाकडं चाक उतरवलं. गाडी धक्का देऊन, हलवून बघितली. हलली नाही.

मग ती टॉर्च घेऊन वाकली.

गाडीखाली इतक्या महिन्यांची धूळ होती. जाड, पिठासारखी. तिथे झाडू जायला जागा नव्हती, उंदीरसुद्धा पोट घासत गेला असता.

पण मधोमध धूळ नव्हती.

डोकं, खांदे, पाठ, पाय... एक माणूस उताणा झोपेल एवढी जागा अगदी स्वच्छ होती.

आत्याने टॉर्च बाजूला ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "झाडायचा त्रास वाचला."

आणि ती त्याच जागेत जाऊन झोपली. "सरक," एवढं मात्र म्हणाली.

फरशी गार असायला हवी होती.

ती कोमट होती. नुकतंच कोणी उठून गेल्यावर अंथरूण असतं तशी.

बोल्ट डोळ्यांसमोर होता. तिने त्यावर गंज सोडवणारं तेल मारलं. गोल झालेल्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा एक लहान मापाचा सॉकेट हातोडीने ठोकून घट्ट बसवला. दांड्याला पाइप लावला, दोन्ही हातांनी ओढला. बोल्ट कुरकुरला. हलला.

पण पलीकडचा नटही त्याच्यासोबत फिरू लागला.

मेकॅनिकला याचा अर्थ लगेच कळतो. नट कोणीतरी धरल्याशिवाय हा बोल्ट जन्मात निघणार नाही. पलीकडे हात पोचवावा तर इकडे जोर राहत नाही. तिने नटावर पाना अडकवला. बोल्ट ओढला की पाना खणकन खाली. पुन्हा अडकवला. खणकन. तिने तार बांधली, तार तुटली. तिने त्या बोल्टच्या खानदानाचा उद्धार केला. पाना परत चढवला, पाइप हातात घेतला, आणि घामाने डोळे चुरचुरत असताना तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं...

"धर."

पत्रा तडतडायचा थांबला.

रस्त्यावरचा आवाज थांबला.

तिच्या डाव्या कानाजवळ कोणीतरी श्वास घेतला. सावकाश. जोर लावण्याआधी घेतात तसा.

तिने मान वळवली नाही. कारण मान वळवली असती तर हातातला जोर गेला असता. हे तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

तिने पाइप ओढला.

पाना पडला नाही.

नट जागचा हलला नाही. बोल्ट मात्र फिरला. कर्रर्र... आणि मग सुटा, सरळ, लोण्यासारखा. अखेर तो बाहेर आला आणि तिच्या छातीवर पडला. वाकडा, गंजलेला, करंगळीएवढ्या लांबीचा. एवढ्याशा लोखंडाने तिचं घर मोडलं होतं.

"आलास ना शेवटी," ती त्या बोल्टला म्हणाली.

नवा बोल्ट तिने बसवला. त्या दिवशी ती आणायला गेली होती तोच, इतके महिने खिशात ठेवलेला. मग ती बाहेर सरकली, चाक चढवलं, स्टँड काढले. गाडी आता फक्त जॅकवर होती.

तिने जॅकच्या दांड्याला हात घातला.

आणि थांबली.

नियम म्हणजे नियम. आधी विचारायचं. तो शब्द त्या दिवसापासून तिच्या तोंडात आला नव्हता. तिने घसा साफ केला.

"खाली?"

काहीच नाही.

मग...

"खाली."

अगदी शांत आवाज. ओळखीचा.

आत्याचा हात दांड्यावरच राहिला. आता याचा अर्थ काय घ्यायचा? मी खाली आहे? की जागा खाली झाली, सोड आता जॅक? पेंटरही नेमका इथेच उभा होता. त्याने एक अर्थ घेतला होता.

"हे बघ," आत्या म्हणाली. आवाज कापत होता, पण तो रागाने कापत होता असं ती शपथेवर सांगते. "या शेडमध्ये त्या शब्दाचा एकच अर्थ आहे. तू खाली आहेस. मी जॅक सोडणार नाही. तू बाहेर ये. मला घाई नाही."

आणि ती जॅकशेजारी मांडी घालून बसली.

ऊन शटरखालून आत आलं, फरशीवरून सरकत गेलं, टायरच्या ढिगावर चढलं. ती बसून होती. पेंटर दोनदा दाराशी येऊन गेला. दुसऱ्यांदा चहा ठेवून गेला. तो तिने प्यायला नाही, गाडीजवळ सरकवला.

ऊन पिवळं पडलं तेव्हा गाडी किंचित हलली. खालून सरपटत बाहेर येताना कोणाचा तरी खांदा लागावा तशी.

तिच्या अंगावरून उबदार वाऱ्याचा झोत गेला. त्याला गंजाचा आणि तेलाचा वास होता.

"खाली?" तिने विचारलं.

उत्तर नाही.

"खाली?"

उत्तर नाही.

तिने नियमाप्रमाणे वाकून बघितलं. मग जॅक सोडला. गाडी चारही चाकांवर आली. पहिल्या चावीला नाही, पण दुसऱ्या बॅटरीवर सुरू झाली. आत्या ती चालवत पेंटरच्या शेडसमोरून गेली आणि मुद्दाम हॉर्न वाजवला. पेंटर दारात उभा होता. तो रडत होता की हसत होता हे तिला कळलं नाही.

परत येऊन तिने हत्यारं गोळा केली. नटावर लावलेला तो पाना कुठेच मिळेना. गाडीखाली नाही, फरशीवर नाही.

तो भिंतीवर होता. आपल्या खिळ्यावर. पुसून ठेवलेला.

हत्यार जमिनीवर राहू द्यायचं नाही, ही आतोबांची सवय होती.

माझ्याकडे उत्तरं आहेत. पाना कुठेतरी अडकून बसला असेल. आवाज ऐकायची तयारी असली की मेंदू आवाज बनवतो. खांबाला टेकलेला पत्रा संध्याकाळी आकसला की शेड हलते. भिंतीवरच्या पान्याचं म्हणाल तर तो आत्यानेच लावला असेल आणि विसरली असेल. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली. म्हणाली, "असेल बाई. तू शिकलेली."

शेड आता गिऱ्हाइकांनी भरलेली असते. वेल्डर सोडून सगळे परत आले. तो शब्द कोणीही, कितीही वेळा उच्चारला तरी कुठूनही उत्तर येत नाही.

पण ती लाल गाडी डाव्या बाजूला बोटभर कलते. उजवीकडे स्टिअरिंग, डावीकडे दुसरी सीट. मी पट्टीने मोजलंय. आत्याने डावी स्प्रिंग बदलली, तरी तेच. मी उजवीची स्प्रिंग डावीकडे आणि डावीची उजवीकडे लावून बघायला सांगितलं. दोष स्प्रिंगचा असता तर कल बाजू बदलून उजवीकडे आला असता.

आला नाही.

परवा मी आत्याकडे गेले होते. निघताना ती म्हणाली, चल, सोडते तुला. मी त्या गाडीचं डावं दार उघडलं आणि काही विचार न करता बोलून गेले.

"आत्या, पुढची सीट खाली आहे ना?"

आत्याने चावी फिरवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मागे बस," ती म्हणाली.

मी दार लावून घेणार, तेवढ्यात मला दिसलं. रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. सैल नव्हता. काहीतरी आवळून धरल्यासारखा पुढे आलेला होता.

मी बघतेय हे आत्याला कळलं.

"माझ्या गाडीत पट्टा लावल्याशिवाय कोणी बसत नाही," ती म्हणाली. "तूही लाव."

मी लावला. घर येईपर्यंत मी पुढे बघितलं नाही.