चौथ्यांदा मोजू नये

वजनकाट्याच्या काचेच्या पेटीचं दार तो दोनच बोटांनी सरकवायचा आणि ते मिटेपर्यंत श्वास रोखून धरायचा. श्वासानं काट्यावरचा शेवटचा आकडा हलतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाणी तपासण्याच्या त्या प्रयोगशाळेत तिला नऊ वर्षं झाली होती, पण असं दार लावणारा तिनं दुसरा पाहिला नव्हता.

त्यांची पहिली गाठ मात्र जिन्यापाशी पडली. नमुन्यांच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन ती वळली, तर वाटेत हा उभा. पाठीवर बॅग, हातात नेमणुकीचं पत्र.

"कोणाला भेटायचंय?"

"बहुधा मलाच," तो म्हणाला. "आजपासून मी इथे आहे म्हणतात. पण पाऊण तास झाला, नेमका कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही."

हातात ट्रे होता, म्हणून तिनं हसू कसंबसं दाबलं. खिडकीजवळचं रिकामं टेबल त्याला दाखवलं, आणि डावीकडच्या नळाचं पाणी चहाला घ्यायचं नाही, एवढं सांगितलं.

त्याला आता साडेपाच महिने झाले होते. पाच आठवड्यांपूर्वी बाटल्या विसळता विसळता त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं.

"सांगते," ती म्हणाली होती. "जरा... पक्कं होऊ दे."

प्रयोगशाळेचा नियमच होता तो. एकच नमुना तीनदा मोजायचा, तिन्ही आकडे जुळले तरच अहवालावर सही. आई फोनवर म्हणायची, "अगं, माणूस आहे तो, बाटली नव्हे. किती तपासशील?"

पण तिच्या वहीत दुसरा एक आकडा होता. दोन वर्षांत अकरा जण नवे आले, त्यांतले सात सहा महिन्यांच्या आत सोडून गेले. आणि याला जुन्या कंपनीनं परत बोलावलं होतं, शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. त्यानंच सरळ सांगितलं होतं तिला. हा आठवा निघाला तर?

त्यातच मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिच्यावर काम सोपवलं. गुरुवारी तिघे नवे येताहेत, त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांचा कार्यक्रम तू आख. तिनं अठ्ठ्याहत्तर स्लाइड्स केल्या, सगळ्या पहिल्याच दिवशी दाखवायच्या. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या त्याला दाखवल्या.

"कसं वाटतंय?"

"ज्ञानात भर पडली. भूक मेली."

"थट्टा नको. सगळ्यांत अलीकडचे नवे तुम्हीच. पहिल्या दिवशी सांगितलेलं काय आठवतंय?"

"डावीकडचा नळ."

"आणखी?"

"खिडकीजवळचं टेबल. आणि दुपारी कुणीतरी विचारलं होतं – जेवलात का?"

ते कुणीतरी म्हणजे तीच होती.

"आणि सुरक्षिततेचे नियम? मी तासभर बोलले होते त्यावर."

"आवाज छान होता तुमचा."

तिचे कान तापले. तिनं उगाच पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मग ते सात जण का गेले असतील?"

"जाताना कुणी विचारलं होतं त्यांना?"

नव्हतं विचारलं. तिच्या वहीत सातही तारखा होत्या, पण जाण्याचं कारण एकही नव्हतं.

तिनं सगळं नव्यानं मांडलं. पहिल्या दिवशी फक्त प्रत्येकाचं टेबल, त्यावर त्याच्या नावाची पट्टी, आणि जेवायला सोबत. नियम रोज थोडे थोडे, हातानं काम करता करता. प्रत्येकासाठी सहा महिने एक जुना सोबती. आणि दर शुक्रवारी त्या सोबत्यानं एकच विचारायचं – इथे राहावंसं वाटतंय का?

गुरुवारी तिघे आले. पाऊण तास कुणी उभं राहिलं नाही. दुपारी ती काट्यापाशी तीनदा मोजायचा नियम समजावत होती, तेव्हा त्यांच्यातली चष्मेवाली मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तीनदा जुळूनही धाकधूक वाटली तर?"

"ती वाटतेच. तरी सही करायची. चौथ्यांदा मोजणं म्हणजे तपासणं नाही, ते... टाळणं."

बोलता बोलता ती थबकली. मागे उभा असलेला तो जमिनीकडे बघत होता.

संध्याकाळी नवे घरी गेले. तो काटा पुसत होता. ती समोर येऊन उभी राहिली.

"इथे राहावंसं वाटतंय का?"

"शुक्रवार उद्या आहे, मॅडम."

"माहितीये."

"जुन्या कंपनीला मी सोमवारीच नकार कळवलाय."

"माझं उत्तर न ऐकता?"

"तुम्ही नाही म्हणालात, तरी काटा इथलाच चांगला आहे," तो म्हणाला. "आणि टेबलही."

पेटीचं दार उघडंच होतं. ते लावायला तिनं दोन बोटं पुढे केली, श्वास रोखला... आणि मग दार तसंच ठेवून श्वास सोडून दिला. काट्यावरचा शेवटचा आकडा हलला.

"हो," ती म्हणाली. "मी लग्न करणार आहे तुझ्याशी."