हात लावू का, आई?

"हात लावू नकोस मला!" आई ओरडली, आणि ओरडताना खुब्याचं मोडलेलं हाड दुखलं म्हणून पुन्हा ओरडली.

थोरली लेक अंग पुसायला ओला टॉवेल घेऊन पलंगाशी थबकली. ती तसल्या, म्हणजे लोक दार लावून बघतात त्या सिनेमांत काम करते हे कळल्यापासून तिला हे घर बंद होतं. आज धाकट्या भावानेच तिला बोलावलं होतं, कारण आईने एकामागून एक नर्स पळवून लावल्या होत्या.

"नाही लावत," म्हणत थोरली खरंच मागे सरली... आणि आईची पंचाईत झाली! नर्स तिला न विचारता कुशीवर उलथवायच्या. भांडायला तरी मिळायचं.

"मग काय, अशीच पडून राहू?"

"पाठीखाली हात घालू का? नको म्हणालीस की लगेच थांबेन."

"हे काय नवीन?"

"सेटवरची सवय. विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही, असा नियम असतो."

असा नियम आईच्या संसारातही नव्हता!

"घाल," ती पुटपुटली. थोरलीला रडू येणार होतं, पण हातातला टॉवेल गार होत चालला होता, म्हणून तिने ते पुढे ढकललं.

आठवड्याने काका आले. थोरलीच्या सिनेमांची बातमी घरात त्यांनीच आणली होती. पलंगासमोरच्या सोफ्यावर ऐसपैस बसून ते म्हणाले, "वहिनी, हिला घरात घेतलंत? लोक काय म्हणतील?"

"भावोजी, हिचा सिनेमा तुम्ही पाहिलात ना?"

"एकच! तोही चुकून!"

"शेवटपर्यंत?"

काकांना एकाएकी चप्पल कुठे काढली ते आठवेना.

"चुकून बघणारा सोफ्यावर, आणि राबणारी दाराबाहेर... मीही तेच केलं हो!" आईला हुंदका फुटला. काका निघून गेले. धाकटा त्यांना सोडायला गेला. घरातली रडारड टाळायची त्याची ही जुनी पद्धत.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "सेटवर तो नियम... सगळे पाळतात का गं?"

"सगळे नाही."

"मग? कुणाला सांगितलंस?"

"फोन हातात घेतला होता. तुझा नंबर काढला... आणि ठेवून दिला."

"मी उचलला नसता," आई म्हणाली. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती.

"माहीत होतं."

"आता कर फोन."

"अगं, मी इथेच आहे."

"तरी कर!"

थोरली स्वयंपाकघरात गेली, ओट्याशी उभी राहिली, आणि तिने नंबर लावला. पलीकडच्या खोलीत पहिली रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही.

"हॅलो, कोण?"

"मी... थोरली."

"बोल बाळा," आई म्हणाली, "काय झालं होतं? सगळं सांग. मी कुठे जात नाही, खुबा मोडलाय माझा."