घर ये रे लेका

सुलक्षणाने त्या दिवशी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं, तर तिला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवतो. तिने उभ्या केलेल्या बायकांच्या वृंदाला जळगावच्या समूहगान महोत्सवात मानाची जागा मिळणार होती. पुण्याच्या महाविद्यालयात संगीत शिकवणारा धाकटा भाऊ प्रशील स्वतः तो वृंद बसवणार होता, आणि त्या निमित्ताने का होईना, तीन वर्षांनी घरी ये-जा करणार होता. ‘नाही’ म्हटल्यावर मिळण्यासारखं मात्र काहीच नव्हतं. तरीही धुळ्याच्या त्या समोरच्या खोलीत, तालीम संपवून बायका चपला शोधत असताना, ती ‘हो’ न म्हणता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती… कारण प्रशीलने शेवटी एक वाक्य जोडलं होतं.

“आणि ताई, आईला रांगेत नको. प्रेक्षकांत पुढे बसव. तिथं खुर्ची टाकून बसवणं… बरं दिसत नाही ते.”

खिडकीपाशी बसलेल्या आईने, लिलाबाईंनी, ऐकलं होतं. उजवा हात मांडीवर निपचित, डावा हात पदराशी चाळा करणारा. एके काळी नवऱ्याच्या, गुलाबरावांच्या गायन पार्टीत भीमजयंतीला या बाईचा आवाज उठला की चौक थांबायचा! अर्धांगवायूने तो आवाज नेला, बोलणंही नेलं. सकाळी तीन वर्षांनी लेक दारात उभा राहिला तेव्हा तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या; पण ओठांतून एक शब्द फुटला नव्हता.

“आई गाते रे, शीलू,” सुलक्षणा कळवळून म्हणाली. “फोनवर सांगितलं होतं ना तुला? बोलता येत नाही तिला, पण भोवती सगळ्यांनी सूर धरला की शब्द येतात. एकटीला नाही येत. म्हणून तर मी हा वृंद…”

“ओठ हलतात तिचे, ताई. पाहिलं मी.” प्रशीलचा आवाज कठोर नव्हता, तेच अधिक वाईट. “तू सगळ्याचंच गाणं करतेस. आई, भाकरी, घराचं दार… हे शब्द टाकले की रुमाल निघणारच. पण सुरांत काही घडतं का? पाच सुरांच्या पलीकडे तुझी चाल जात नाही. लोकांना रडवणं सोपं असतं गं!”

तो सर्वस्वी चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. बहिणीने रचलेल्या त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात साखर जरा सांडलीच होती, आणि हे सुलक्षणालाही ठाऊक होतं. पण ते पाच सूर तिने निवडलेले नव्हते. आजारानंतर आईच्या गळ्यात तेवढेच उरले होते! त्या पाचांत बसेल तेवढंच तिने रचलं. आणि ‘घर ये रे लेका, भाकर खाई ले’ ही जी ओळ प्रशीलला स्वस्त वाटली, ती तर मुळी तिची नव्हतीच. एका तालमीत बायका नुसता सूर लावून बसलेल्या असताना आईच्याच तोंडून ती अवचित बाहेर पडली होती.

हे सगळं सांगावं असं तिला वाटलं. पण आपल्या दुःखाची साक्ष काढून कुणाकडून होकार घ्यायचा, हे तिच्या स्वभावात नव्हतं. तिने सौदा केला. माहेरी राहिलेल्या, भावाच्या शिक्षणासाठी स्वतःची विशारदची परीक्षा अर्धवट सोडलेल्या बायका करतात तसला सौदा.

“गाणं तू घे. चाल बदल, पत्रिकेवर नाव तुझं लाव. मी मागे उभी राहून गाईन. पण आई रांगेत राहील.”

“ताई, मी नाव मागत नाहीये…”

“मी देतेय. घे!”

त्याने घेतलं. थोडा दुखावून, थोडा खुशही होऊन. विद्वान माणसालासुद्धा आपलं नाव छापलेलं आवडतंच.

पंधरवडाभर तालमी झाल्या. प्रशीलने चाल वर नेली, आवाजांचे चार पदर केले, एकमेकांना घासून जाणारे सूर बसवले. खरं सांगायचं तर काही जागी अंगावर काटा यावा इतकं ते सुंदर होतं. परिचारिका, शिक्षिका, भाजीवाल्या लताबाई, सगळ्या घाम पुसत शिकल्या. फक्त मधल्या खुर्चीवरची लिलाबाई गप्प होत गेली. त्या उंच, निसरड्या सुरांवर तिला पाय ठेवायला जागाच सापडेना. आधी तालमीत गप्प झाली, मग घरीही तिने ओठ हलवणं सोडलं… आणि तेव्हा सुलक्षणाला उमगलं. अरे देवा, आपण आईची खुर्ची वाचवली आणि सूर देऊन बसलो!

आता माघार घ्यायची तर पत्रिका छापून झाल्या होत्या.

या वृंदाचा एक रिवाज होता, तो प्रशीलला कुणी सांगितला नव्हता. गाताना एखादी चुकली तर शेजारणीने तिला एकटं पडू द्यायचं नाही. तिच्या चुकीतच सूर मिसळायचा, म्हणजे कुणाची मान खाली जात नाही. संगीतशास्त्रात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे याला माणुसकी म्हणतात.

जळगावचं सभागृह भरलेलं होतं. प्रशीलचा हात हवेत, परीक्षक पुढच्या रांगेत. पहिलं कडवं उत्तम गेलं. दुसऱ्याच्या चढावर लताबाई घसरल्या आणि थेट जुन्या चालीवर येऊन पडल्या. शेजारच्या परिचारिकेने सवयीने त्यांचा सूर धरला. तिच्या शेजारणीने तिचा. बघता बघता सगळी रांगच त्या जुन्या पाच सुरांवर उतरली! प्रशील हातांनी आवरतोय, डोळ्यांनी दटावतोय… आणि तेवढ्यात मधल्या खुर्चीतून एक फाटका, थरथरता, पण स्वच्छ आवाज उठला.

“घर ये रे शीलू… भाकर खाई ले…”

‘लेका’ नव्हे. शीलू!

बायकांनी आवाज आपोआप खाली घेतले, पण सूर सोडला नाही. सोडला असता तर ते शब्दही विझले असते. प्रशीलचा हात तसाच हवेत राहिला. तीन वर्षं ज्या घरी जायला तो आईच्या मुकेपणाला भिऊन कचरत होता, त्या घरातून त्याला रोज हाक मारली जात होती… आणि त्या हाकेलाच त्याने स्वस्त मानलं होतं! भर रंगमंचावर तो आईच्या पायांशी बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

बक्षीस अर्थातच गेलं. लताबाई आजही शपथेवर सांगतात, “जीभच घसरनी मनी! मी घसरनू ते बठ्ठ्या बाया मांगे उन्यात, त्याले मी काय करू?” आपली जीभ घसरली आणि बाकीच्या साऱ्या नुसत्या मागे आल्या, या त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

रंगमंचामागे प्रशील बहिणीचा हात धरून म्हणाला, “ताई, माझी चूक झाली. मी तुझं ऐकलंच नाही.” मग नाक पुसत, अपराध्यासारखा, “गाणं अजूनही जरा गोडच आहे पण.”

“आहेच मुळी,” रडता रडता सुलक्षणा हसली. “शेवटचं कडवं मलाही गिळवत नाही.”

परतीच्या गाडीत आईशेजारची जागा सुलक्षणाने भावाला दिली आणि स्वतः मागच्या बाकावर बसली. बायका हलकेच सूर धरून होत्या, आणि वाटेतलं पारोळा गाव मागे पडेपर्यंत लिलाबाई लेकाच्या खांद्याला टेकून तीच हाक पुन्हा पुन्हा गात होती. एकदाही आईने मागे वळून पाहिलं नाही.

“बाई, तुमच्या नावाचंही कडवं टाका की एखादं,” लताबाई कुजबुजल्या.

“हाक लांब गेलेल्याला मारतात, लताबाई,” सुलक्षणा खिडकीबाहेर पाहत म्हणाली. “मी कुठं गेले होते कधी?”

आईला लेक मिळाला, लेकाला आई मिळाली, गाणं पत्रिकेवर प्रशीलच्या नावावर राहिलं. बायकांचं बक्षीस बुडालं. दोन दिवसांत त्या ते विसरल्याही. बाकी सगळ्याचं मोल जिने भरलं, ती मागच्या बाकावर बसून, शेजारणीच्या सुरात सूर मिसळत, भावाला हाक मारत होती.