घरचं माणूस

चार्जर विसरला होता, बाकी काही नाही. एवढ्याशा कारणाने ताई त्या दुपारी घराबाहेर पडली, आणि नसती पडली तर... जाऊ द्या. तो दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे नीट सांगतो.

ताई दातांच्या कारखान्यात कामाला होती. हसू नका, असतात असे कारखाने. डॉक्टर तोंडाचं माप आणि खऱ्या दातांचे फोटो पाठवतात आणि त्यावरून कवळ्या, सुटे दात, सगळं तिथे हातानं घडवतात. त्यातही पुढच्या दातांचं रंगकाम ताईकडे. पांढरा म्हणजे काही एकच पांढरा नसतो. कुणाचा दात पिवळसर, कुणाचा राखाडी झाक मारणारा, मुळाशी एक रंग आणि टोकाला दुसरा. शेजारच्या खऱ्या दाताशी तो असा जुळवायचा की घरच्या माणसालाही फरक कळू नये. ताईने रंगवलेला दात कधी परत आला नव्हता. तिला आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं आणि तेही ती मिरवत नसे.

घरात दोघंच, ती आणि तिचा धाकटा भाऊ सोन्या. हे त्याचं लाडाचं नाव. तिशी उलटली, केस मागे हटले, तरी ते काही सुटलं नाही. बाप आधीच गेलेला. सोन्याच्या कॉलेजची वेळ आली तेव्हा आईने अंथरूण धरलं होतं, आणि दोघांपैकी एकाने घरी राहणं भाग होतं. ताईचंही शिकायचं चाललं होतं, पण ती म्हणाली, "तू पुढे हो, मी येते मागाहून." तो झाला पुढे. आई गेली, वर्षं गेली, मागाहून यायचं राहूनच गेलं. सोन्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ताईला ते फार लागायचं.

तर ताईचं त्या सुमाराला काहीतरी बिनसलं होतं. आधी वास गेला. दूध उतू जाऊन करपलं, शेजारीण धावत आली, आणि ही शेगडीपाशी उभी! डॉक्टर म्हणाले, सर्दी जुनी झाली असेल. मग डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. सुई टोचली तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, मानेची शीर असेल. डॉक्टरांना काहीतरी म्हणायलाच हवं ना.

सोन्या दर रविवारी दुपारी मित्रांकडे खेळायला जायचा. गोष्टीचा खेळ होता तो. एकजण गोष्ट सांगतो, त्याला सगळे मास्तर म्हणत. बाकीचे एकेक वीर होऊन त्या गोष्टीत शिरतात आणि फासा पडेल तसे जगतात, मरतात. पूर्वी हे वीर कागदावर उतरवायचे. हल्ली त्याचं ॲप निघालं होतं. चेहरा, अंगकाठी, बळ, गुण, खोड्या, सगळं बोटाने निवडत जायचं की वीर तयार. सोन्याचा वीर तर म्हणे सगळ्यांत भारी होता. घरी वाटी उचलून न ठेवणारा हा बाबा, तिथे डोंगर उचलायचा.

त्या रविवारी त्याने टॅबलेट नेला आणि चार्जर घरी विसरला. ताई तो द्यायला निघाली.

मास्तरच्या घराचं दार उघडंच होतं. आत पडदे ओढलेले. भर दुपारी खोलीत अंधार, टेबलावर मेणबत्त्या, आणि भोवती चार मोठी माणसं श्वास रोखून बसलेली. नुकतीच एक मेणबत्ती विझली होती. तिचा धूर ताईला दिसत होता, वास मात्र येत नव्हता. ती दारातच थांबली.

"दार मागून मिटलंय..." मास्तर हळू आवाजात सांगत होता. "भिंतीतून काहीतरी सरपटत येतंय. तुझ्याच दिशेने. टाक फासा."

सोन्याने फासा टाकला. पडायचा तो पडला नाही.

"संपलास," कुणीतरी म्हणालं.

"हट्! मी कसला संपतोय? घरच्या माणसावर टाकतो," सोन्या म्हणाला आणि त्याने टॅबलेटवर बोट टेकवलं.

आणि टॅबलेट बोलला. ताईच्या आवाजात. तोच किंचित बसलेला घसा, वाक्याआधी घेतलेला तोच दम.

"लागू दे मला... तू पुढे हो."

टेबलाभोवती एकच जल्लोष झाला. ताईने दाराची चौकट धरली. तिच्या हातात चार्जरची वायर होती. लाल वायर. म्हणजे घरून निघताना तरी लाल होती. आता ती राखेसारखी दिसत होती. तिने मेणबत्त्यांकडे पाहिलं, मास्तरच्या शर्टाकडे पाहिलं. सगळंच राखेसारखं झालं होतं. जगातला रंग कुणीतरी फडक्याने पुसून घेतला होता.

"अगं ताई, आत ये ना," सोन्या म्हणाला. "कसला वाचलो बघितलंस का?"

ती त्याला घेऊन घरी आली. स्वयंपाकघरात त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "दाखव मला ते."

त्याने कौतुकाने दाखवलं. वीर उभा होता, छाती फुगवून. त्याच्या पायापाशी एक छोटा चौकोन होता आणि त्यात ताईचा फोटो. हातात चमचा, कपाळाला आठी, तोंड उघडं. त्याला जेवायला हाक मारताना त्याने कधीतरी टिपलेला.

"हे काय आहे?"

"घरचं माणूस. प्रत्येक वीराचं एक असतं. वीरावर वार आला की तो घरच्या माणसावर ढकलता येतो. पूर्वी कागदावर आम्ही कुणीही लिहायचो, डोंगरापलीकडची आत्या, आंधळा मामा. खऱ्याचं नाव घालायचं नाही असा आमचा दंडकच होता. पण ॲपला फोटो लागतो, आवाज लागतो. नसलेल्या आत्याचा आवाज मी कुठून आणू? तुझे फोनवरचे सगळे निरोप टाकले त्यात. पुढचं ते आपलं आपण बोलतं."

"आणि वार कुठे बसतो?"

"ते ॲपच ठरवतं. येतं खाली लिहून काहीतरी. मी कशाला वाचतोय?"

"आता वाच."

त्याने वाचलं. वास. डाव्या हाताची दोन बोटं. आणि आजचा, रंग. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. मग तो हसला. "योगायोग गं. तू म्हणजे ना... काहीतरीच!"

"सोन्या, काढ मला त्यातून."

"असं कसं काढू? तुला काढलं तर वीरच कोसळेल. घरचं माणूस घेतलं म्हणून तर त्याला एवढं बळ मिळालंय. त्याचा सगळा डोलारा तुझ्यावर उभा आहे."

"हे मला नव्याने सांगतोस?" ताई म्हणाली.

तो चपापला, पण क्षणभरच. पुढच्या रविवारी शेवटचा डाव होता. सगळे त्याच्या भरवशावर होते. मग काढतो म्हणाला, आणि तोवर तिच्यावर काहीही ढकलणार नाही म्हणाला. तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. ताईने विश्वास ठेवला. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय!

कारखान्यात मात्र गोष्ट लपणारी नव्हती. एका बाईंचा पुढचा दात रंगवायचा होता. ताईने रंगांच्या नमुन्यांची पट्टी फोटोशेजारी धरली. सगळे नमुने सारखेच दिसले. आठवणीवर भिस्त ठेवून तिने रंग लावला, भट्टीत भाजला आणि दात पाठवून दिला.

दात परत आला. मालकीणबाईंनी तो तळहातावर घेऊन तिच्यासमोर धरला.

"हिरवट आहे. तुझ्या हातचा आहे, माझा विश्वास बसेना म्हणून दोनदा पाहिला. बरं नाही का तुला?"

ताई काय सांगणार? त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला साच्यांत प्लास्टर ओतायला बसवलं. नवीन पोरी पहिल्यांदा येतात तेव्हा त्यांना देतात ते काम. ताई दिवसभर पांढऱ्या चिखलात हात घालून बसली, आणि घरी येऊन सोन्याच्या ताटात वाढताना रडली. तो फोनमध्ये पाहत होता.

रविवार उजाडला. दुपारी ताई भांडी घासत होती, नळ सुरू होता. तेवढ्यात नळाचा आवाज अर्धा झाला. तिला वाटलं पाणी कमी झालं. पाणी तेवढंच होतं. तिने डाव्या कानाशी टिचकी वाजवली. पुन्हा वाजवली... मग नळ बंद करून ती तशीच ओल्या हातांनी खाली बसली. तिला कळलं. शपथेचं काय झालं तेही कळलं.

संध्याकाळी सोन्या नाचतच आला. "जिंकलो! ताई, जिंकलो!" तो तिच्या डाव्या बाजूला उभा राहून ओरडत होता आणि ती भिंतीकडे बघत होती. त्याने खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली.

"ताई?" तो तिच्या समोर आला. "ऐकू... येत नाहीये तुला?"

"या बाजूचं नाही."

तो मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक. तेवढा रंग ताईला अजून ओळखता यायचा.

"शेवटचा वार होता गं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, एकदाच..."

"तुला नेहमी एकदाच वाटतं. मला मेलीला कुणी विचारलंय कधी? तो वीर खोटा होता रे, मेला असता तर दुसरा केला असतास. दुसरी मी कुठून आणशील?"

सोन्या ढसाढसा रडला. खरा रडला, त्यात खोट नव्हती. त्याने तिच्यादेखत टॅबलेट काढला, वीर पुसला, फोटो पुसला, आवाज पुसला. पडदा कोरा झाला. दोघं कितीतरी वेळ त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसले. काहीच परत आलं नाही. ना वास, ना बोटं, ना रंग, ना कान.

"जाऊ दे," शेवटी ताईच म्हणाली. "यापुढे तरी काही जाणार नाही."

सोन्याने मान वर केली नाही.

"ताई... एक सांगायचं राहिलं."

"काय?"

"वीर सगळ्यांना फार आवडला होता. म्हणून मी तो... सगळ्यांसाठी ठेवून दिला होता. ॲपवर तशी सोय असते. आपला वीर फळीवर ठेवायचा, कुणीही उचलून खेळावा."

"मग? आता पुसलास ना?"

"माझा पुसला. लोकांनी उचललेले... ते त्यांच्याकडे असतात."

"फक्त वीर ना?"

त्याने टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला.

"घरच्या माणसासकट," तो म्हणाला.

"किती जणांनी उचललाय?"

त्याने टॅबलेट तिच्याकडे केला. आकडा लांबलचक होता आणि ती बघत असतानाच बदलत होता.

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. ताई कामावर जायची, प्लास्टर ओतायची, परत यायची. सोन्या आता भांडी घासायचा, तिच्याशी मऊ बोलायचा. उशिरा सुचलेलं शहाणपण. तिला त्याचा रागही येईनासा झाला होता.

एका दुपारी कारखाना लवकर सुटला. ताई बसमध्ये खिडकीशी बसली होती. शेजारी, उजव्या बाजूला, कॉलेजच्या दोन मुली एका फोनवर डोकं टेकवून बसल्या होत्या. खिदळत होत्या. पोरी गोड होत्या, ताईला बरं वाटत होतं त्यांच्याकडे पाहून.

"अगं मरतेय ती! काहीतरी कर!"

"थांब गं... हे काय आहे? घरचं माणूस. यांच्यावर टाकता येतं म्हणे."

ताईने वाकून पाहिलं. फोनवर तो वीर होता, आता बाईचा वेश चढवलेला, आणि पायापाशी तो चौकोन. चमचा. आठी. उघडं तोंड.

मुलीचा अंगठा खाली येत होता. ताई उठली. एका हाताने दांडा धरला, दुसरा त्या मुलीच्या मनगटाकडे नेला आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "नको!"

ओठ हलले. दम बाहेर पडला. आवाज आला नाही.

आवाज फोनमधून आला. किंचित बसलेल्या घशाचा.

"लागू दे मला... तू पुढे हो."

"वाचली!" मुलगी ओरडली. मग तिचं ताईकडे लक्ष गेलं. ही बाई उभी आहे, हात पुढे करून, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी. पोरगी चांगल्या घरची होती. तिने पटकन पाय बाजूला घेतले.

"उतरायचंय का काकू? व्हा ना, तुम्ही पुढे व्हा."

ताई हलली नाही. ती फोनकडेच बघत होती. चौकोनातला फोटो तोच होता, हातात चमचा तोच. फक्त कपाळावरची आठी गेली होती, आणि तोंड आता मिटलेलं होतं.