पाटीला हात लाव

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात स्वतःला जरा बरं काम दिलं असतं.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात, हे मलाही माहीत आहे. पण हिला रात्रीची वेळ जमत नव्हती.

ती भर दुपारी यायची. जेवणाच्या वेळेला.

साल एकोणीसशे शहाऐंशी. जागा म्हणजे बोईसर आणि नवापूरच्या मधली एक पोलीस चौकी, आणि चौकीच्या मागची पोलीस लाईन. चौकीचं नाव लिहीत नाही. नागोराव काका अजून नोकरीत आहेत.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. हवालदार. मावशीचं नाव गोजराबाई. दोघंही परभणीकडची. मी पुंजाराम, तारापूरला रंगाच्या कारखान्यात कामाला आणि मावशीकडे राहायला. त्या उन्हाळ्यात कारखान्यात हिरवा रंग चालू होता. त्यामुळे या गोष्टीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरव्या कानांचा आहे, असं समजून वाचावं.

मे महिन्यात बाजारात सोमी मेली.

सोमी नवापूरची. मासे विकायची. चौकीचे फौजदार तिच्या पाटीतले मोठे सरंगे फुकट उचलायचे, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्या दिवशी ती म्हणाली, "आज नाय साहेब, आज ऑर्डरीचा माल हाय."

साहेबांनी काठी घातली.

सोमीच्या डोक्यावर भरलेली पाटी होती. दोन्ही हात पाटीला. काठी अडवायला तिसरा हात तिच्याकडे नव्हता.

दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. चौकीने लिहिलं, माशाच्या पाण्यावरून पाय घसरला.

दुसऱ्या दिवशी मोर्चा आला. नवापूरच्या बाया आल्या, सातपाटीच्या आल्या, पाम गावाकडची शेतावरची माणसं आली. कारखान्यातले भय्ये "सस्पेंड करो, सस्पेंड करो" म्हणत आले. बायांनी चौकीच्या फाटकासमोर रिकाम्या पाट्या उतरवल्या आणि त्यांच्या बाजूला बसल्या.

त्यांची पुढारी गोदूबाई. ती म्हणाली, "ही पाटी आता डोक्यावर चढायची नाय. साहेब जाईल, मगच चढल."

आणखी एक ठरलं. पोलीस लाईनीत कुणी मासळी विकायची नाही. ज्या दारातल्या दोरीवर खाकी वाळते, त्या दारात पाटी उतरवायची नाही.

मी कामावरून सुटलो की मोर्च्यात थांबून घोषणा द्यायचो आणि मग पोलीस लाईनीत जेवायला जायचो. कारखान्यात याला शिफ्ट बदलणं म्हणतात.

लाईनीत हाल सुरू झाले. परभणीला असताना मावशी माशाचं नाव काढलं तरी नाकाला पदर लावायची. इकडे आल्यावर तिला बुधवारी बोंबील मिळाले नाहीत तर डोकं दुखायचं. आता सगळ्या लाईनीत वरण आणि बटाटा.

आणि मग एका दुपारी...

आमच्या मागच्या दारात दोन सरंगे होते.

ताजे. कल्ले लाल. उंबरा ओला.

काका म्हणाले, "शिजव. आणि कुणाला सांगू नको."

मावशीने शिजवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तळण्याचा वास लपवता येत नाही. शेजारच्या मैनाबाईने भिंतीवरून मान काढली.

"गोजरा, तुमच्याकडं मासळी येते कुठून?"

"सुकट आहे."

"सुकटीचा वास मला कळतो बाई. तुझ्या नवऱ्याला कोळीण देती वाटतं चोरून. देणारच. मिशा आहेत त्यांना."

मैनाबाई गेली. मावशी तव्यासमोर बसून राहिली. सरंगा करपला. मी सांगितलं, सरंगा करपतोय. ती म्हणाली, "करपू दे."

त्या दिवसापासून मावशीने काकांचा सदरा हुंगायला सुरुवात केली. खिसे उलटे केले. बाजारातल्या कोळणींची मला चौकशी करायला लावली. तरुण किती, विधवा किती, नाकीडोळी कशा. मी सांगितलं की सगळ्या मोर्च्यात बसल्यात आणि काकांना शिव्या घालतायत.

"शिव्या घालणारीच असती," मावशी म्हणाली. "मी पण लग्नाच्या आधी ह्यांना शिव्याच घालायची."

मग जून लागला. समुद्र खवळला. नवापूरच्या, सातपाटीच्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या. आता नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी कुणाच्याच ताटात नाही.

त्या दुपारी आमच्या मागच्या दारात तीन सरंगे होते.

एकाची शेपटी हलत होती...

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं ती घाबरली. ती घाबरली नव्हती. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"एवढं प्रेम," ती म्हणाली. "होड्या बंद असताना."

दुसऱ्या दिवशी मावशीने काकांना सांगितलं की ती मैनाबाईकडे पापड लाटायला चाललीय. मला म्हणाली, तू कामावर गेलास. मग आम्ही दोघं मागच्या न्हाणीत लपलो. न्हाणीच्या पत्र्याला भोक होतं. भोक एकच होतं, त्यामुळे पाळी लावली.

काका जेवायला आले. टोपी काढली. पंप मारून स्टो पेटवला नाही, पाणी प्यायले नाहीत. सरळ मागच्या दाराशी आले आणि उभे राहिले.

अंगणात कुणी नव्हतं. कावळासुद्धा नव्हता.

आधी थेंब ऐकू आले.

टप... टप...

पाऊस नव्हता. ऊन होतं.

मग बांगड्या वाजल्या. मग ओल्या बांबूची पाटी करकरते, तसा आवाज. दाराच्या अगदी समोर. डोक्याच्या उंचीवर.

आणि एक बाई म्हणाली, "हवालदार, पाटीला जरा हात लाव."

पाळी माझी होती. मी पाहिलं. काकांनी दोन्ही हात वर केले. हवेत काहीतरी धरलं. त्यांच्या दंडाच्या शिरा फुगल्या. गुडघे वाकले. कण्हत, जपून, त्यांनी ते खाली ठेवलं.

तिथे काहीच नव्हतं.

जमीन मात्र ओली झाली. गोल.

काकांनी दार लावून घेतलं.

"काय दिसलं?" मावशी कुजबुजली.

"काही नाही."

"खोटं बोलू नको. कशी आहे दिसायला?"

"मावशी, दिसायला नाहीच आहे."

मावशीने मला ढकललं, न्हाणीतून बाहेर आली आणि घरात गेली. काका पाटावर बसले होते. हातांना खवले चिकटलेले.

"कोण ती?" मावशीने विचारलं.

काकांनी हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोमी."

बाहेर फाटकावर तेच नाव घेऊन घोषणा चालल्या होत्या. आत ते नाव पहिल्यांदाच आलं.

काका म्हणाले, "पहिली काठी बसली तेव्हा ती माझ्याकडं वळली. मी हाताच्या अंतरावर होतो. म्हणाली, हवालदार, पाटीला जरा हात लाव. पाटी उतरली असती तर तिचे हात मोकळे झाले असते. मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी दुसरी घातली."

मी भिंतीला टेकलो. आता मावशी रडेल, असं मला वाटलं.

मावशी म्हणाली, "अठरा वर्षं झाली लग्नाला. विहिरीवरनं हंडा घेऊन येते. दारात उभी राहते. एकदा तरी म्हणालात का, आण, उतरवतो?"

"अगं, ती मेलेली आहे."

"तेच तर. जिवंत असती तर झिंज्या धरल्या असत्या. हिचं काय धरू?"

काका हातावरचे खवले काढायला लागले. काय धरावं, ते मलाही अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने केस विंचरले, लुगडं बदललं, कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं आणि काकांना आतल्या खोलीत बसवलं.

"आज दार मी उघडणार," ती म्हणाली.

टप... टप...

बांगड्या. करकर.

"हवालदाराला बोलव."

"हवालदार माझा आहे," मावशी म्हणाली. "काय काम असेल ते मला सांग."

बाहेर शांत झालं. फाटकावरच्या घोषणासुद्धा त्या वेळी थांबल्या होत्या. पाणी प्यायला थांबल्या असतील.

मावशीने दोन्ही हात वर केले. हंडा उतरवायला करतात तसे. चाचपले. पुढे, मागे, पुन्हा पुढे...

मग ती आत आली आणि भिंतीशी बसली. आता रडायला लागली.

"माझ्या हाताला लागत नाही. नुसतं वारं लागतं. ह्यांच्याच हाताला लागते ती."

काका म्हणाले, "तिला माझ्याकडनं पाहिजे गोजरा. मला माहीत आहे काय पाहिजे."

आम्हा तिघांनाही माहीत होतं. प्रांतसाहेब चौकशीला आले होते. एकेका शिपायाची जबानी चालू होती. सगळे सांगत होते, पाय घसरला. काकांची पाळी यायची होती.

"खरं सांगितलं तर साहेब मला खातील," काका म्हणाले. "नोकरी जाईल. खोली जाईल."

"जाऊ दे. परभणीला ज्वारी खाऊ." मावशीने नाक पुसलं. "पण परकी बाई रोज माझ्या दारात येऊन माझ्या नवऱ्याला हाक मारते, हे मी चालवून घेणार नाही. द्या तिला जे पाहिजे ते आणि मोकळी करा एकदाची."

पोरांना शाळेत न्याय, सत्य वगैरे शिकवतात. आमच्या चौकीत खरं बोललं गेलं ते मावशीच्या मत्सरामुळे. मी तिथे होतो.

काकांनी जबानी दिली. हात वर करून दाखवला, सांगितलं, कुठे उभा होतो, ती काय म्हणाली, किती अंतर होतं. दुसऱ्या दिवशी आणखी एका शिपायाने जबानी बदलली. मग बाजारातला न्हावी बोलला. मग चहावाला.

फौजदार सस्पेंड झाले.

फाटकावर गुलाल उडाला. बायांनी एकमेकींना हात देऊन रिकाम्या पाट्या डोक्यावर चढवल्या आणि गाणी म्हणत नवापूरला गेल्या. काकांची नोकरी राहिली. लाईनीतले त्यांच्याशी बोलेनासे झाले, तेवढंच.

आमच्या दारात सरंगे यायचे बंद झाले. मावशी खूष. काकांनी एकदा तिचा हंडा उतरवला. पाणी सगळं माझ्यावर सांडलं, कान जरा फिके झाले.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. आणि एका सकाळी आमच्या पुढच्या दारात गोदूबाई आली. पोलीस लाईनीतली पहिली पाटी, आमच्याकडे.

"हात लाव गो बाय."

मावशीने मानाने पाटी उतरवली. बोंबील घेतले. घासाघीस केली. गोदूबाईने चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि तशीच उभी राहिली.

"काय राहिलं?" मावशीने विचारलं.

"चढव ना."

"काय?"

"पाटी. तू उतरवली, तूच चढवायची. भरलेली पाटी एकटीला चढत नाय. कोण चढवल्याबिगर आमी जाऊ कशा?"

मावशी हलेना. मीच पुढे होऊन पाटी चढवली. गोदूबाई माझ्या कानांकडे बघत गेली.

मावशीने दार लावलं. काका दाढी करत होते. तिने विचारलं, "तिची पाटी रोज उतरवायचात. चढवायचात कधी?"

काकांचा वस्तरा थांबला.

"चढवली नाही."

"एकदापण?"

"ती म्हणालीच नाही. मी दार लावून घ्यायचो."

तिघांनीही मागच्या दाराकडे पाहिलं. उंबरा ओला होता. तो उन्हाळ्यापासून ओलाच होता. आम्ही मोरीला दोष देत होतो. त्या पायरीवर बसून मी रोज दुपारी विडी ओढायचो...

एकटा बसतोय असं समजून.

काकांनी दार उघडलं, वाकले, दोन्ही हात खाली नेले आणि म्हणाले, "चल बाई. चढवतो."

हाताला वजन लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती उठायला तयार नव्हती.

का, ते दिवाळीनंतर कळलं. फौजदार कामावर परत आले. दुसऱ्या तालुक्यात. पगार मागचा सगळा मिळाला, असं म्हणतात. कोर्टात केस आहे, तारीख पडते. बायांच्या पाट्या चढल्या त्या चढल्याच. त्यांना पोटं आहेत, रोज बाजाराला जायला लागतं.

एकीचीच पाटी खाली राहिली. तिला कुठे जायचं नाही.

मी आता बोईसरला खोली घेऊन राहतो. रविवारी मावशीकडे जेवायला जातो. मागच्या रविवारी गेलो तेव्हा मावशी मागच्या दाराकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. काका तिकडे पाठ करून बसले होते. त्यांनी तसंच बसायचं, असं तिने ठरवून दिलंय.

दाराबाहेर पायरीवर एक गोणपाट घडी घालून ठेवलं होतं. त्याच्यावर सावलीला जुनी छत्री बांधली होती.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"उन्हात बसलीय," मावशी म्हणाली.

"तुला तर ती दारात नको होती ना?"

"नकोच आहे." तिने सुपातला खडा बाहेर फेकला. पायरीच्या बाजूने फेकला, मधोमध नाही. "पण ती काय आपल्या ह्यांच्यासाठी बसली नाही. साहेबासाठी बसलीय. ते कळल्यापासून मला जरा बरं वाटतं. साहेब जाऊ दे, मग मी स्वतः तिची पाटी चढवीन."

"तुझ्या हाताला लागत नाही ना पण."

मावशीने सूप खाली ठेवलं. आणि आपले तळहात माझ्यासमोर धरले.

बोटांच्या मधे खवले होते... ओले.

निघताना मी गोणपाटाकडे एकदा पाहिलं. घडी मधोमध दबलेली होती.

विडी न पेटवता खिशात ठेवली. आणि तेव्हापासून त्या घरातून मी पुढच्याच दाराने निघतो.