बिनट्रान्सफॉर्मरचा भोंगा

कोमलचा हिशेब सरळ होता. नसरापूरच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्या धनाजीशी दोन शब्द गोड बोललं, की त्याचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, तासभर वापरायला मिळणार, मेंढवाड्यावरचा तिनं स्वतः बनवलेला भोंगा सुधारणार आणि वडिलांचं, आबांचं तोंड बंद होणार. बिबट्याची हालचाल टिपून वाजायचा तो भोंगा वाऱ्यानंही कोकलायचा, मेंढरं बुजायची. "उद्यापतुर गप झाला न्हाई, तर तुझ्या सगळ्या वायरींसकट खड्ड्यात पुरीन," आबा कालच म्हणाले होते.

गेल्या गुरुवारी पावसाची सर चुकवायला ती त्याच्या दुकानात शिरली, तेव्हा फळीवर आधी स्कोप दिसला. धनाजी नंतर. पिशवीतला भोंगा उघडून त्यानं बराच वेळ बघितला… "स्कोपवरच बघावं लागेल. पुढच्या गुरुवारी या."

आज ती आली. त्यानं भोंग्याला वीज दिली, स्कोपचा अर्थिंगचा काळा चिमटा सर्किटला लावला आणि –

धाड!

ठिणगी, धूर. स्कोपचा पडदा काळा.

कोमल ओरडली, "अवो… आत ट्रान्सफॉर्मर न्हाई! डबी हलकी व्हावी म्हणून म्या लायनीची वीज थेटच घेतलीया. सांगायचंच ऱ्हायलं!"

"माहितीये. गुरुवारीच दिसलं होतं."

"मग चिमटा का लावला?"

"तुम्ही कपाळावरचे केस मागं सारलेत… आणि मी विसरलो." तो तिच्या बोटांकडं बघत होता, स्कोपकडं नाही. "भाजलं नाही ना?"

ती थक्क. दोन वर्षं राबून घेतलेलं यंत्र जळालं, आणि हा बोटं विचारतोय!

मग त्यानं प्लग काढला, बारीकसारीक झटके गिळणारा शेंगदाण्याएवढा कपॅसिटर भोंग्याच्या वायरीवर जोडला, झाकण लावून पुन्हा वीज दिली. पंख्याचा वारा सोडला. भोंगा गप. समोर हात हलवला – कोकलला!

"एवढंच हुतं?" कोमलनं विचारलं. "स्कोप लागतच नव्हता?"

"नव्हता."

"म्हंजी गुरुवारीच…"

"गुरुवारीच झालं असतं. मग तुम्ही आज आला असता का?"

 आपण याला गंडवतोय असं समजत होती कोमल… आणि हा आठवडाभर आधीच तिला गंडवून बसला होता! बाहेर वेल्ह्याची एसटी हॉर्न देत होती.

"गाडी निघाली तुमची."

"जाऊ दे." तिनं स्टूल ओढलं. "पेचकस द्या हिकडं, स्कोप उघडून बघू. आन् मला 'तुमी' म्हणू नगा."

भोंगा सुधारला कोमलचा, जळाला स्कोप धनाजीचा. तिचं काय गेलं म्हणाल, तर एक एसटी… आणि तीही तिनं आपखुशीनं सोडली.